सगळ्यात भारी गिटार रिफ कुठला? (आणि 'स्मोक ऑन द वॉटर' सगळे चुकीचा का वाजवतात)

सहावी तार

आमच्या वरच्या मजल्यावर दहावी झालेला एक पोरगा आहे. सुट्टीत त्याला घरच्यांनी इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा अँप घेऊन दिलाय आणि गेले तीन आठवडे रोज सहा ते सात तो एकच गोष्ट वाजवतोय. ओळखा. बरोब्बर. डॅं डॅं डॅंऽऽ, डॅं डॅं ड-डॅंऽऽ.

वाजवतोय त्याबद्दल तक्रार नाही, आम्हीही त्याच गटारातून वर आलोय. पण चुकीचं वाजवतोय! जगातली निम्मी जनता चुकीचंच वाजवते म्हणा. पिक (तारा छेडायची चकती) घेऊन, पॉवर कॉर्ड पकडून, खाडखाड. पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प. डीप पर्पलचा रिची ब्लॅकमोर मूळ गाण्यात वाजवतो ते सा-प नाहीच, ते चौथ्याचं अंतर आहे, सा-म समजा, आणि पिकने नाही तर बोटांनी, दोन्ही तारा एकदम चिमटीत उचलल्यासारख्या. त्यामुळे दोन्ही स्वर एकाच क्षणी सुटतात. पिकने एक तार आधी लागते आणि दुसरी नंतर, फरक केसाएवढा असेल पण तिथेच सगळी मजा जाते.

असो, त्यावरून धागा काढावासा वाटला. सगळ्यात भारी रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा गिटारचा छोटा तुकडा, कुठला? माझा नियम सोपाय: नुसत्या तोंडाने वाजवून दाखवला आणि समोरच्याने तीन सेकंदांत ओळखला तर तो रिफ. त्या हिशोबाने माझं मत स्मोकलाच, कितीही घासून गुळगुळीत झालेला असला तरी.

विनंती: सोलो लिहू नका. हॉटेल कॅलिफोर्निया लिहू नका. हात जोडतो.

रविवारचा रॉकर

हॉटेल कॅलिफोर्निया.

सहावी तार

@रविवारचा रॉकर, पहिलाच प्रतिसाद. धन्य आहात.

रविवारचा रॉकर

अहो गंमत केली. खरं मत: लेड झेपेलिनचं होल लोटा लव्ह. २०१४ मध्ये बीबीसी रेडिओ २ च्या श्रोत्यांनी पण त्यालाच एक नंबर दिला होता. पहिले दोन सेकंद ऐका फक्त, ड्रम नाही काही नाही, एकटा गिटारवाला जिमी पेज. घरातून पळून जावंसं वाटतं.

मांजरपाट

ते ढापलेलं आहे ना पण? त्या ब्लूजवाल्या मडी वॉटर्सकडून?

रविवारचा रॉकर

हे दर धाग्यात येतं. शब्द ढापलेले आहेत, रिफ नाही. मडी वॉटर्सने १९६२ ला जे गाणं म्हटलं होतं ते विली डिक्सनचं, त्याच्यातल्या ओळी झेपेलिनच्या गायकाने, प्लँटने, सरळ उचलल्या. डिक्सन १९८५ ला कोर्टात गेला आणि पुढे बाहेरच्या बाहेर तोड झाली, नंतर त्याचं नाव पण लागलं. पण तो जो झ्यां-झ्यां-झ-झ-झ-झां आहे तो मडी वॉटर्सच्या रेकॉर्डवर नाहीये, जाऊन ऐका. चोरी म्हणायची तर शब्दांची म्हणा, गिटारवाल्याला कशाला पोलीस स्टेशनात नेताय.

पेडलवाला

धागाकर्ते, तुमच्या नियमात एक लोचा आहे. तोंडाने वाजतो तो रिफ म्हणता, मग तोंडाने 'कसा' वाजवता ते बघा की. डॅं म्हणता ना, लां किंवा सां नाही म्हणत. म्हणजे स्वर नाही, आवाजच डोक्यात बसलाय. अर्धा रिफ फाटक्या आवाजात असतो.

आणि हा फाटका आवाज खरोखर फाडूनच आणलाय लोकांनी. लिंक रेने १९५८ ला रंबलसाठी अँपच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. त्या गाण्यात एक शब्द नाही तरी काही रेडिओवाल्यांनी ते लावायला नकार दिला, पोरं मारामाऱ्या करतील म्हणून, आता बोला. मग १९६४ ला किंक्स बँडचा डेव्ह डेव्हिस, वय सतरा, त्याने छोट्या अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला, त्यातून यू रिअली गॉट मी आलं. दोन कॉर्डचा खेळ आहे तो. साध्या स्वच्छ गिटारवर वाजवून बघा, बालवाडीतलं गाणं वाटेल.

आणि सॅटिस्फॅक्शन! रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सला तो झोपेत सुचला, उशाशी कॅसेट रेकॉर्डर होता त्यावर त्याने वाजवून ठेवला आणि सकाळी ऐकलं तर थोडी गिटार आणि पुढे कॅसेट संपेपर्यंत घोरणं. त्याला तो रिफ गिटारवर ठेवायचाच नव्हता, तिथे ब्रास सेक्शन येणार होता. गिटार फक्त ट्रम्पेट-सॅक्सची जागा दाखवायला म्हणून फझ पेडल (आवाज फाटका करणारं) लावून वाजवली. तसंच रेकॉर्ड बाहेर पडलं आणि मग त्या पेडलवर दुकानांत उड्या पडल्या. ऑटिस रेडिंगने त्याच वर्षी खरंच ब्रास लावून ते गाणं केलं, तेही जबरी आहे, पण कोणी तोंडाने वाजवताना ट्रम्पेट काढत नाही, झँऽ झँऽच काढतो.

माझं मत सॅटिस्फॅक्शन.

खर्ज

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो. माझं शिक्षण पेटीचं, रॉक मुलीमुळे कानावर पडलं, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

पेडलवाला म्हणतात ते पटलं, पण थोडं स्वरांकडेही बघू या. सॅटिस्फॅक्शन काल पेटीवर काढलं. तीन स्वर आहेत हो फक्त! प, ध, कोमल नि. प प, प ध नि, नि नि ध ध प. सा कुठे आहे? खाली बाकीचे लोक वाजवतायत. म्हणून तो रिफ कायम अधांतरी वाटतो, घरी येतच नाही. गाण्याचा विषयच समाधान मिळत नाही हा आहे ना, मुलीने सांगितलं.

स्मोक: सा ग म, सा ग म॑ म, सा ग म, ग सा. गंधार कोमल. आणि मधे एकदाच तीव्र मध्यम लावून लगेच शुद्ध मध्यमावर उतरायचं. तो तीव्र मध्यम काढून बघा, भजन होतं.

अवांतर: ब्लॅक सॅबथ बँडच्या ज्या गाण्याचं नावही ब्लॅक सॅबथच आहे त्यात सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम, एवढंच. युरोपात ह्या अंतराला सैतानाचं म्हणत असत म्हणे. आमच्याकडे यमन शिकायला बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीला पहिल्या आठवड्यात शिकवतात. सैतान-बितान काही येत नाही.

मांजरपाट

खर्जकाका आजपासून माझे गुरुजी. भजन होतं हे वाचून ऑफिसात मोठ्याने हसले, शेजारचा बघतोय.

माझं मत मात्र सुरांना पण नाही आणि आवाजाला पण नाही. एसी/डीसीचं बॅक इन ब्लॅक. का, तर त्यातल्या गॅपसाठी. झ्यां. (काही नाही.) झ-झ-झां. (काही नाही.) आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये मी ड्रमवर होते, आणि आमच्या गिटारवाल्याला ती गॅप सहनच व्हायची नाही, त्यात काहीतरी भरायचाच, तार घासेल, पाय आपटेल. शेवटी मी त्याला सांगितलं की अरे हात तारांवर ठेव आणि गप उभा राहा. जमलं नाही. गप राहणं सगळ्यात अवघड असतं.

एसी/डीसीच्या माल्कम यंगला जमायचं. सगळे त्याच्या गिटारवाल्या भावाची, अँगसची, शाळेची चड्डी बघतात, पण गाडी माल्कम चालवायचा, मागे अंधारात उभा राहून. १९८० च्या फेब्रुवारीत त्यांचा गायक बॉन स्कॉट गेला आणि जुलैत हा अल्बम बाहेर. त्याच्यासाठीचं गाणं आहे ते आणि त्यात रडणं कुठेच नाही.

भोसरीकर

ब्लॅक सॅबथचा गिटारवाला आयोमी राहिला.

वर खर्ज सरांनी सैतानाचा स्वर लिहिलाय त्यावरून लिहितो. टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला, वय सतरा. नोकरी सोडून बँडबरोबर जायचं ठरलेलं, शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तर परत जायला कंटाळा करत होता, आईने पाठवला, म्हणाली काम पूर्ण करून ये. त्याचं काम वेल्डिंगचं, पण प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून त्याला तिथे उभा केला. कधी चालवलेलं नव्हतं ते मशीन. उजव्या हाताची मधली दोन बोटं, शेंडे गेले. आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

मी एकवीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली म्हणून हे वाचल्यावर मला संगीताआधी ते मशीन दिसतं. आमच्याकडे पण असंच झालेलं, कंपनीचं नाव नको, दुसऱ्या पाळीला ऑपरेटर आला नाही म्हणून पॅकिंगच्या पोराला पन्नास टनी प्रेसवर बसवला, गार्ड काढून ठेवलेला कारण गार्ड लावला की प्रॉडक्शन कमी पडतं. आवाज पण येत नाही हो वेगळा. रोजचाच धप्प. पोराने हात वर करून बघितला तेव्हा त्याला कळलं. तो पुढे ढोल पथकात परत आला, टिपरू पकडायला अंगठ्याला चामड्याचा पट्टा बांधायचा.

आयोमीने लिक्विड सोपची प्लास्टिकची बाटली वितळवून गोळा केला, बोटात बसेल असं घासून टोपण केलं, वर चामडं चिकटवलं. तार दाबली तर कळत नाही किती दाबली, बोटाला जाणीवच नाही. म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१ च्या मास्टर ऑफ रिअॅलिटीला गिटार तीन पट्ट्या खाली उतरवली, तारा ढिल्या पडल्या म्हणजे बोटाला त्रास कमी. आज मेटलवाले जो ढिल्ला जड आवाज काढतात त्याच्यात ह्या बोटांचा मोठा हात आहे.

माझं मत आयर्न मॅन. लय स्लो आहे तो, पहिल्या पाळीनंतर गेटबाहेर चालत निघालेल्या माणसासारखा.

पेडलवाला

भोसरीकर दादा, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका प्लीज.

आल्प्सवाली

दादांचं वाचून दोन मिनिटं काही टाइपच करता येईना.

मी स्वित्झर्लंडमध्ये असते म्हणून स्मोकबद्दल एक भर. मागच्या उन्हाळ्यात आईबाबा आले होते त्यांना माँत्रूला नेलं. बाबांना रॉक वगैरे काही नाही, ते फक्त तळं बघत होते. मी सांगितलं की १९७१ च्या डिसेंबरात इथल्या कसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कोणीतरी आत फ्लेअर गन उडवली, छत पेटलं, कसिनो खाक. डीप पर्पलला दुसऱ्या दिवसापासून तिथेच अल्बम रेकॉर्ड करायचा होता! हॉटेलच्या खिडकीतून त्यांनी तळ्यावर पसरलेला धूर बघितला, गाण्याचं नाव तेच. मग एका थिएटरात सामान लावलं, रात्री रिफ वाजवला, तर शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. सहावी तार, तुमच्या वरच्या मजल्यावरच्या पोराला हे नक्की सांगा, मूळ रिफलाच शेजाऱ्यांची तक्रार आलेली आहे. शेवटी हिवाळ्यात बंद असलेल्या एका हॉटेलच्या बोळांत गाद्या-बिद्या लावून बाकीचा अल्बम केला.

बाबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, इन्शुरन्स मिळाला का? (एलआयसीत होते.)

तळ्याकाठी पुतळा मात्र फ्रेडी मर्क्युरीचा आहे. त्याच्यासमोर फोटोला रांग.

रविवारचा रॉकर

एलआयसी

नवीन पिढीचं पण काही येऊ द्या राव. सेव्हन नेशन आर्मी, २००३. आमच्या पोराला व्हाइट स्ट्राइप्स माहीत नाही, जॅक व्हाइट माहीत नाही, पण रिफ येतो. फुटबॉल. बेल्जियमच्या क्लब ब्रुगेच्या लोकांनी मिलानच्या मॅचला उचलला, तिथून इटलीत गेला आणि २००६ चा वर्ल्ड कप इटलीने जिंकला तेव्हा आख्खं रोम ओ ओऽ ओ ओ ओ ओऽ करत होतं. सहावी तार यांच्या नियमात शंभर टक्के बसतो, स्टेडियमभर लोक तोंडानेच वाजवतात.

मांजरपाट

पण तो बेस आहे ना? धागा गिटारचा आहे.

पेडलवाला

बेस नाहीये!! त्या बँडमध्ये बेसवालाच नव्हता, दोघंच होते. साधी गिटार आहे, पेडलने एक सप्तक खाली उतरवलेली.

खर्ज

सा, सा ग सा नि ध प. ग, नि, ध कोमल. खाली पंचमापर्यंत उतरून थांबायचं. सगळ्यांच्या गळ्यात बसतं, वर कुठे ओढावं लागत नाही. आरतीचा मीटर.

कॉजवे कुलाबा

झेपेलिनवरून आठवलं. पेज आणि प्लँट १९७२ ला मुंबईत आले होते, इथल्या वादकांना घेऊन फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स ही दोन गाणी रेकॉर्ड केली. कुलाब्याच्या एका डिस्कोत पण वाजवून गेले. मी तेव्हा सहा वर्षांचा, त्यामुळे पाहिलं-बिहिलं काही नाही, पण आमच्या भागातला प्रत्येक सत्तरीचा माणूस मी तिथे होतो म्हणून सांगतो, एवढे लोक त्या हॉलात मावले कसे देव जाणे. ती रेकॉर्डिंग २०१५ ला अधिकृत बाहेर आली, कोडा अल्बमच्या नव्या आवृत्तीत. सतार-तबल्याबरोबर फ्रेंड्स ऐका, आपल्या लोकांनी समजून वाजवलंय.

म्हणून मत काश्मीर (१९७५). शब्द सुचले मोरोक्कोच्या वाळवंटात गाडी चालवताना, काश्मीरचा काही संबंध नाही, पण ते सोडा.

खर्ज

हे आत्ता ऐकलं. मोजून पाहिलं. गिटार तीन-तीन मात्रांत फिरते आणि ड्रम सरळ चार-चारात! बारा मात्रांनी दोघं एकत्र येतात. ड्रमवाला ढिम्म हलत नाही. आमचे तबल्याचे मास्तर असते तर वाहवा म्हणाले असते.

अजून एक, हे लोक ज्याला रिफ म्हणतात तो आपल्याकडे नाही असं नाही. तबल्याचा सोलो असतो तेव्हा पेटीवाला काय वाजवतो? लेहरा. एकच ओळ, तासभर. ती ओळ सुंदर असून चालत नाही, कंटाळवाणी असूनही चालत नाही. ऐकणाऱ्याला सम कुठे हे न सांगता कळलं पाहिजे. मी चाळीस वर्षं लेहरा धरलाय, कोणी टाळी वाजवली नाही. तुमचे माल्कम यंग मला बरोबर कळले.

आणि स्मोक मोजलात का कोणी? सोळा मात्रा. पहिला 'सा ग म' समेवर. तोच 'सा ग म' परत येतो तो नवव्या मात्रेला, म्हणजे बरोब्बर कालावर (खालीच्या मात्रेवर). त्रिताल आहे तो.

सहावी तार

खर्जकाका!!! तीस वर्षं वाजवतोय, कधी मोजलं नाही.

बुधवारचा ड्रमर

मेटालिकाचं एन्टर सँडमन कोणीच नाही?? ऑक्टोबर २०११, बंगलोर, पॅलेस ग्राउंड. दोन दिवस आधी दिल्लीकडचा शो रद्द झालेला त्यामुळे आम्ही पुण्याहून रात्रभर बसमध्ये जागे, होतोय की नाही, होतोय की नाही. चिखल एवढा की माझा एक बूट अजून तिथेच असेल. त्यांच्या गिटारवाल्या कर्क हॅमेटने तो रिफ काढला तेव्हा वेगळा होता, ड्रमवाला लार्स म्हणाला पहिला तुकडा तीनदा घे आणि शेपूट चौथ्यांदा लाव. म्हणजे ड्रमवाल्याने रिफ दुरुस्त केला, नोंद घ्यावी. त्या रात्री पहिला क्लीन तुकडा सुरू झाला आणि शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडून रडला. मी पण.

मांजरपाट

ड्रमवाल्याने दुरुस्त केला +१००

गन्स अँड रोझेसचं स्वीट चाइल्ड ओ माइन पण आठवलं, त्यांचा गिटारवाला स्लॅश म्हणे बोटांचा व्यायाम म्हणून काहीतरी वेडंवाकडं वाजवत बसला होता. त्याला स्वतःला ते आवडायचं नाही. पण तो तोंडाने वाजवता येतो का? मी प्रयत्न केला, मांजराला उचकी लागल्यासारखं होतं.

सहावी तार

मतमोजणी करणार नाही, कारण प्रत्येकाचा वेगळा आलाय. पण काल झालं ते सांगतो.

वर गेलो. पोराला बोटांनी वाजवून दाखवलं. तो म्हणाला, "काका, पण व्हिडिओत पिकनेच दाखवलंय." म्हटलं व्हिडिओ बाजूला ठेव, हे ऐक, आणि मूळ गाणं लावलं. आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट (ड्रमची जोडझांज) आणि ऑर्गन, मग बाकीचा ड्रम, मग बेस. प्रत्येक वेळी थांबवून विचारलं, आता काय आलं? ऑर्गन त्याला ओळखताच आला नाही, त्याला वाटलं दुसरी गिटार आहे. बरोबरच आहे, डीप पर्पलच्या जॉन लॉर्डने हॅमंड ऑर्गन असा फाडलाय की तसाच वाटतो.

मग खर्जकाकांचं सांगितलं, सोळा मात्रा. त्याला खाली घरी घेऊन आलो. आमचे बाबा तबला वाजवायचे, हल्ली गुडघ्यांमुळे बसत नाहीत, पण खुर्चीसमोर स्टूलवर तबला ठेवला. म्हटलं बाबा, हा लेहरा धरतोय, तुम्ही ठेका द्या. पोराने चार आवर्तनं वाजवली. बाबांनी हात लावलाच नाही.

म्हणाले, "तबला काळी एकला आहे. हा पांढरी पाचला वाजवतोय."

मग मी त्याला सहाव्या पडद्यापासून सुरू करायला लावलं. बाबांनी तरी आधी पाच मिनिटं हातोडी घेऊन तबला ठोकला.

भोसरीकर

मग? वाजवला का?

सहावी तार

वाजवला हो. पण पोरगं दर वेळी बाराव्या मात्रेनंतर घाई करत होतं, ते शेवटचं 'ग सा' लवकर टाकून मोकळं. बाबांनी त्याला आज परत बोलावलंय. सहा वाजता. गिटार सुरात लावून ये म्हणाले.